विहिरीच्या चित्राखालचं कोरं कार्ड

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, सकाळी साडेनऊ. जागा: अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावच्या लायब्ररीतली लांब भिंत, आमच्या लेखक-चित्रकार गटाच्या प्रदर्शनासाठी. हजर: मी, आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ लेखक म्हणजे निवृत्त डॉक्टर काका, आठवडाभर बायोटेकच्या लॅबमध्ये असणारी आमची नागपूरची चित्रकार, आणि माझी आयरिश शेजारीण, जिच्या गॅराजमध्ये आमची सगळी छपाई होते. बाकीचे चौघे आदल्या दिवशीच आपापलं काम भिंतीवर लावून गेले होते. म्हणजे या वेळी काम न आणलेलं कोणीच नाही. पाच वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं, म्हणून नोंदवून ठेवते.

शेजारीण आयर्लंडमधल्या एका लहानशा गावात वाढली. तिथे लिहिणारे आणि चित्रं काढणारे एकाच जुन्या गोदामात बसायचे, एकाच किटलीतला चहा प्यायचे आणि एकाच्या पानावरून दुसरा चित्र करायचा. हे तिने मला कुंपणापाशी उभं राहून सांगितलं. बॉथेल तरी कुठे मोठं आहे, असं मी म्हटलं. गोदाम नव्हतं, पण तिचं गॅराज होतं आणि त्यात हाताने फिरवायचा छपाईचा प्रेस होता. पुढच्याच शनिवारी आम्ही सुरुवात केली.

पद्धत तिच्या गावाचीच ठेवली. लेखकाने एक पान द्यायचं. चित्रकाराने त्याला काहीही न विचारता त्यावर चित्र करायचं. लेखकाने ते चित्र पाहायचं ते थेट भिंतीवर लावायच्या दिवशी. दोघांपैकी एकाने जरी नको म्हटलं, तर पान आणि चित्र दोन्ही उतरवायची. कोणाचं पान कोणाला याच्या चिठ्ठ्या, वेळापत्रक, फ्रेमची मापं आणि चित्राखालची नावाची कार्डं माझ्याकडे. काका मला मॅनेजरीणबाई म्हणतात. "हिने एकदा माझं बीपीसुद्धा यादीत लिहिलं होतं," असं सगळ्यांना सांगतात. ते खरं आहे.

या वेळी काकांचं पान नागपूरच्या चित्रकाराला गेलं होतं. काकांनी त्यांच्या गावच्या विहिरीवर लिहिलं होतं. पहाटेचा रहाटाचा आवाज, पितळी घागरी, बायकांच्या गप्पा. शेवटचं वाक्य होतं, "त्या विहिरीचं पाणी सगळं गाव प्यायचं." मला ते इतकं आवडलं की मी त्यावरूनच कार्ड छापून टाकलं: आपल्या सगळ्यांची विहीर.

चित्रकार आली ती एक फ्रेम छातीशी धरून. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, गाडीत दुसरं एक आहे. नुसत्या घागरी. तेही फ्रेम केलंय."

"दोन कशाला?"

"काकांनी हे नको म्हटलं तर ते लावू. त्यांचं पान उतरायला नको यार. किती वर्षांनी त्यांचं काहीतरी भिंतीवर लागतंय."

मग तिने फ्रेम वळवली. लिनोलियमवर कोरून छापलेलं काळंपांढरं चित्र. अगदी वर विहीर, तिच्या काठावर बायका, घागरी, रहाट. त्याखाली मोकळी जमीन, कागदाचा दोन तृतीयांश भाग. आणि अगदी तळाशी पाठमोरी बसलेली एक बाई. शेजारी रिकामं मडकं. कोणीतरी येऊन त्यात पाणी ओतेल, याची वाट पाहत.

मी हातातल्या कार्डाकडे पाहिलं आणि ते पर्समध्ये टाकलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शेजारीण शिडीवर हातोडी घेऊन उभी होती. तिला मराठी येत नाही, पण तिने हातोडी खाली घेतली.

"ही आमच्या गावची?" काकांनी विचारलं.

"नाही काका. माझी आजी. वर्ध्याकडची. विहीर मात्र मी तुमच्या पानातलीच घेतली."

"किती वेळ बसावं लागायचं?"

"कोणी ओतेपर्यंत. आजी सांगायची, कधीकधी ऊन डोक्यावर यायचं."

काका खुर्चीत बसले. "आमच्याकडेही बसायची एक. मी शाळेत जाताना रोज दिसायची. रोज," ते म्हणाले. "पान लिहिताना आठवली नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. आठवली होती. मी लिहिलं नाही."

चित्रकार हळूच म्हणाली, "काका, गाडीत दुसरं चित्र आहे."

"गाडीतलं गाडीतच राहू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅनेजरीणबाई, माझं पान उतरवा."

नियम मीच लिहिला होता, तेव्हा मी मुकाट्याने भिंतीवरचं पान काढून त्यांच्या हातात दिलं. काकांनी खिशातलं पेन काढलं, 'सगळं गाव' या दोन शब्दांवर एक सरळ रेघ मारली आणि पान परत दिलं. "नवीन प्रिंट काढायची नाही. खोडलेलं दिसू दे."

शेजारणीने खिळा ठोकला. पान आणि चित्र शेजारी शेजारी लागली. चित्रकाराने लेव्हल लावून पाहिली, फ्रेम जराशी डावीकडे वर घेतली. मग काकांच्या शेजारी बसून त्यांच्या डब्यातली चकली खाल्ली. "थोडी कडक झालीये," असंही सांगितलं. "तुझ्यासाठीच कडक ठेवली," काका म्हणाले.

आठवडाभर कोड आणि लॅब सांभाळणारी आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा पेन धरणारी ही माणसं. यातल्या कोणीही माझ्यासमोर स्वतःला कलावंत म्हटलेलं नाही. मी म्हणते, आणि अभिमानाने म्हणते. दुपारी लोक आले तेव्हा सर्वांत जास्त वेळ याच जोडीपुढे थांबले. एका बाईने मला विचारलं, ती रेघ कोणी मारली. मी म्हटलं, लेखकाने स्वतः.

चित्राखाली मात्र कोरं पांढरं कार्ड आहे. काका म्हणतात नाव तिने द्यावं, ती म्हणते काकांनी. दोघांना दोनदा फोन झाले. यादीतलं बाकी सगळं खोडून झालंय. एवढी एकच ओळ तशीच आहे: विहिरीच्या चित्राचं नाव.