नवरदेवाच्या नावापाशी बंद पडणारा ॲम्प्लिफायर

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. तळोज्याच्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. बिघाड म्हटला की वायर, फ्यूज नाहीतर पाणी – बाकी सगळ्या बाता, असं मीच लोकांना ऐकवत आलोय. पण आता माझ्या लेकीचा प्रश्न आहे, म्हणून लिहितोय. हसू नका, प्लीज.

आम्ही कामोठ्यात राहतो. मी, बायको हेमा आणि केतकी. केतकी नोकरी करते, तोंडाने फटकळ, कोणाला भीक घालत नाही. सेकंडहँड गाडी घेतली ती निव्वळ तिच्या म्युझिक सिस्टिमवर भाळून. सीटखाली कंपनीतूनच बसवून आलेला ॲम्प्लिफायर, सगळे स्पीकर त्याच्यावर. तो गेला की गाडी मुकी.

हेमाचं माहेर नेऱ्याचं, आगरी. तिची आत्या धवलारीण आहे. लग्नात ती धवले गाते, म्हणजे आधी देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाला बोलावते, मग नवरीचं नाव घेते, मग नवरदेवाचं. हेमाच्या भाचीच्या, रसिकाच्या लग्नात केतकीने ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि परतताना गाडीत लावलं. काय आवाज होता म्हातारीचा! रसिकाचं नाव आलं, आता नवरदेवाचं येणार... आणि टक्! सगळं बंद.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी ॲम्प्लिफायर बदलून दिला. थोड्याच दिवसांत तो पुन्हा गेला. केतकी एकटीच ऑफिसहून येत होती. घरी आली ती पांढरीफटक.

“बाबा, मी एफएम लावला होता. मध्येच आत्याआजी गायला लागली. आणि नाव रसिकाचं नाही... माझं घेतलं.”

“फोन कनेक्ट झाला असेल. भलतंसलतं बोलू नकोस,” मी डाफरलो. तिचा फोन घेऊन रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात रसिकाचंच नाव होतं.

पुन्हा नवा पार्ट बसवला. त्या रविवारी भर दुपारी मी आणि केतकी नेऱ्याला निघालो. फोन घरी ठेवायला लावले होते, रेडिओ बंद. गाव जवळ आलं आणि स्पीकरमधून आत्याचा आवाज सुरू झाला. हळू, अगदी कानाशी. मी बटणं दाबतोय, आवाज थांबत नाही. “केतकी” – स्पष्ट ऐकलं हो मी! केतकीने माझा दंड घट्ट धरला. पुढचा शब्द येणार तोच टक्... सीटखालून जळका वास आला. मी गाडी सरळ आत्याच्या दारात नेली.

आत्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. सगळं ऐकल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

“जावय, नवऱ्याचा नाव आला काय?”

“नाही. दर वेळी तिथेच बंद पडतं.”

तिने केतकीला जवळ ओढून घेतलं. “लगीन नसताना आमी धवला कवा गात नाय. बोलावलेली येतान, मग त्यांना लगीन पायजेच. नवऱ्याचा नाव आला का लगीन लागला. बंद पडतंय तेच बरा हाय. तेच पोरीला वाचवतंय. आता दुरुस्त करू नको!”

आणि मी मूर्खासारखा दर वेळी भांडून नवा पार्ट बसवून घेत होतो!

दुसऱ्याच दिवशी गाडी सेंटरला नेली. ॲम्प्लिफायर काढून टाका, नवीन नको, असं तीनतीनदा बजावलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, “सर, वायरिंग उघडं राहत होतं, म्हणून वॉरंटीत नवीन बसवून टाकला. या वेळी सुधारित पार्ट आहे, बिघडणार नाही. मॅडम आत्ताच गाडी घेऊन गेल्या.”

केतकी ऑफिसमधून परस्पर तिकडे गेली होती. आम्हाला त्रास नको म्हणून! मी फोनवर फोन केले. उचलेना. जिन्याने धावत खाली उतरलो, मागोमाग हेमा. केतकी पार्किंगमध्ये गाडी लावून शांतपणे आत बसली होती.

“लागलं का गं ते?”

“हो.”

“बंद पडलं ना?”

“नाही, बाबा. पूर्ण झालं.”

हेमाने दार उघडून तिचा हात धरला. “कोणाचं... नाव कोणाचं घेतलं?”

ऑफिसातल्या साहेबालाही नावाने हाक मारणारी माझी पोरगी. तिने मान खाली घातली, ओढणी डोक्यावरून घेतली आणि लाजून म्हणाली, “असं नाव घेतात का गं, आई?”

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. आत्या येऊन बसली, नारळ झाला, उतारे झाले, डॉक्टरही झाले. केतकी ऑफिसला जाते, जेवते, बोलते. ते नाव मात्र आजपर्यंत सांगितलेलं नाही. मला कशाचंच कारण सापडलेलं नाही. मी रोज खाली जाऊन सीटखाली हात घालून बघतो. देवा, बिघडू दे रे, म्हणतो. ॲम्प्लिफायर अगदी व्यवस्थित चालू आहे.