साफ केलेला ट्रॅक

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. स्पीकरमधून खरखर आली की मी वायर तपासतो, अंगारा लावत बसत नाही.

पुसदला घराच्या मागच्या खोलीत माझा छोटा स्टुडिओ होता. त्या वर्षांत कापसाला कुत्रं विचारत नव्हतं, म्हणून चारही भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकल्या होत्या. बाहेरून ट्रक गेला तरी आत पत्ता लागायचा नाही.

महागावकडच्या शोभाताई भीमगीत गायला आल्या, एकट्याच. काय आवाज होता बाईंचा! दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट आली आणि मी मिक्सिंगला बसलो. वाद्यं बंद करून फक्त त्यांचा आवाज लावला. रेकॉर्डिंगच्या वेळी दोन कडव्यांच्या मधे त्या गप्प उभ्या होत्या, पाणी पीत होत्या — मी स्वतः काचेतून पाहिलं होतं. पण हेडफोनमध्ये नेमका तिथंच एक पुरुष ओरडला, "लय गातं काय वं? गा आता!" मग लाकडाचे फटके... अंगावर बसलेले. तीन. तिसऱ्याला कडकन हाड मोडलं. आणि शोभाताईंचा आवाज — "पोरीसमोर नोका मारू!"

पाच-सहा वेळा ऐकलं, तेच. शेवटी आमच्या धंद्यात करतात तेच केलं — कॉपी काढून तेवढा तुकडा कापला, ट्रॅक साफ केला.

आठवड्याने ताई सीडी न्यायला आल्या, सोबत नवरा. तो दारातूनच म्हणाला, "लवकर करा ना भाऊ." तोच आवाज!

ताईंनी विचारलं, "भाऊ, साफ आलं ना गानं?"

नवरा माझ्याकडेच बघत होता. मी म्हटलं, "एकदम साफ, ताई."

चार दिवसांनी त्या हरामखोराने बैलगाडीची उभारी, म्हणजे बाजूचा लाकडी दांडा, उपसून त्यांना मारलं. जबडा तुटला. कळल्यावर मी दवाखान्यात गेलो, तर त्यांची मुलगी रडत सांगत होती, "तीन फटके हानले काका... बाबा म्हने, लय गातं काय वं, गा आता! आई म्हने, पोरीसमोर नोका मारू!" ताई पट्ट्यांमधून नुसत्या बघत होत्या. मला तिथं उभं राहवेना.

घरी येऊन मूळ रेकॉर्डिंग लावलं. त्याला मी हातही लावला नव्हता. त्या जागी फक्त पाण्याचा घोट ऐकू आला.

ताई आता गात नाहीत. तो आवाज आला कुठून, गेला कुठं, मला आजही सांगता येत नाही. पण त्या दिवशी मी "एकदम साफ" का म्हणालो, ते मला पक्कं माहीत आहे. मी भ्यालो होतो.