रेणुकाआईपुढे ठेवलेला जंप स्टार्टर

देवीवर चिडलेली बाई कशी दिसते ते पाहायचं असतं, तर त्या सकाळी लोह्याच्या पुढे, नांदेडच्या रस्त्यावर यायला हवं होतं. पदर खोचलेला, एका हातात नारळाची शकलं, दुसऱ्या हातात खणातून काढलेलं काळं यंत्र आणि तोंडानं रेणुकाआईशी भांडण. ती बाई मी. वय तेव्हा पासष्ट, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

नांदेडच्या दवाखान्यात माझी थोरली बहीण, अक्का, हृदयाच्या ऑपरेशनची वाट पाहत पडली होती. अकराला तिला आत नेणार होते. तिच्या मुलाच्या लग्नात तिनं मला मानाची साडी हलकी दिली, म्हणून सात वर्षं मी तिच्याशी बोलले नव्हते. साडीचा रंगसुद्धा आता आठवत नाही; राग मात्र घडी मोडू न देता जपला होता. आदल्या दिवशी भाच्याचा फोन आला, "मावशी, आई तुझंच नाव घेऊन राहिली." मी फणकारले, "आता आठवली व्हय!" आणि सकाळी मालकांच्या आधी मीच तयार होऊन उंबऱ्यात उभी.

आमच्या मोटारसायकलची बॅटरी जुनी झाली होती. नवी घ्या म्हणून मिस्त्री सांगून थकला, पण मालक आज-उद्या करत राहिले. गाडीला किक नाही, बटण रुसलं की सगळं रुसलं. म्हणून दसऱ्याच्या आधी आम्ही लातूरच्या बाजारात जंप स्टार्टर, म्हणजे बॅटरी उतरली तरी गाडी चालू करून देणारं यंत्र, घ्यायला गेलो होतो. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "मावशी, मोटारसायकलला हा लहानगा बस झाला, खिशात मावतो. संग केबल बी ठेवा. कधी हा उतरला, तर कोणाच्याबी गाडीवरून चालू करता येते." मी त्याला तिथंच झाडलं. लहान वस्तू म्हणजे त्यानं आपल्याला गरीब समजलं असं मला वाटलं. आणि केबल? भर रस्त्यात कोणाला हात करून "जरा तुमची गाडी लावा हो" म्हणायचं? आमच्या घरात मागायची रीत नव्हती. मालक हळूच म्हणाले, "घे की, वायरच तर हाय." मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मोटारीला लागतो तसला भलामोठा डबा मी उचलला, केबल नाकारली आणि जग जिंकल्यासारखी घरी आले.

खंडेनवमीला विळे, कोयते, पाना यांच्या ओळीत तो डबाही मांडला. हळदकुंकू वाहिलं, खणात गुंडाळून देवघरात रेणुकाआईच्या पायाशी ठेवला. दुकानदारानं दर दोन महिन्यांनी चार्ज करायला बजावलं होतं. मालकांनी एकदा वायर आणली, तर मी ओरडले, "पुजलेल्या वस्तूला हात लावू नका!" त्यांनी हात लावला नाही. मी तरी कुठं लावला?

त्या सकाळी वाटेत रेणुकाआईचं देऊळ दिसलं आणि नारळ फोडायला गाडी मीच थांबवली. दर्शन घेऊन आले, तर बटण दाबून काही होईना. निघताना देवघरातून डबा उचलून संग घेतला होता, त्याचा खण मोठ्या दिमाखात सोडला. डब्याचा एक दिवा लागेल तर शपथ! चार्जिंगच्या भोकात कुंकू बसलेलं. आम्ही दोघं म्हाताऱ्यांनी गाडी ढकलली. मालकांना धाप लागली, गाडीला काही नाही. घड्याळात साडेनऊ. मग मी देवळाकडे तोंड करून सुरू झाले, "सहा महिने तुझ्या पायाशी ठेवला, तुला एवढंबी ध्यान ठेवता आलं न्हाई? माझी अक्का गेली तर तुझं तोंड बघणार न्हाई!"

"कोणाला शिव्या देऊन राहिल्या, मावशी?" मागून आवाज आला. एका मोटारसायकलवर मुसलमान नवराबायको थांबले होते. बाई बुरख्यातली, माझ्याच वयाच्या आसपासची.

"देवीला!"

"मग चालू द्या. पण गुस्सा नंतर करा, आधी सीट उघडा, बॅटरी पाहू."

तिनं पिशवीतून बारीक केबल काढली. मालकांनी घाईनं डब्याची हकिकत सांगितली. बाई पोट धरून हसली. "देवाजवळ ठेवला तर चार्जर बी ठेवायचा की, मावशी!" मला असा राग आला! पण तोंडून निघालं ते भलतंच. "बाई, मला नांदेडला पोचवा. माझी बहीण वाट पाहते." जन्मात पहिल्यांदा मी परक्या माणसाकडे काही मागितलं. ती हसायची थांबली. तिच्या नवऱ्यानं लाल चिमटा लाल टोकाला, काळा काळ्याला लावला, आपली गाडी चालू ठेवली. दोन-चार मिनिटांत आमची गाडी धडधडली. "आता नांदेडपर्यंत बंद करू नका," तो म्हणाला. बाई म्हणाली, "आम्ही तर या रस्त्यानं येतच न्हाई. आमच्या नेहमीच्या वाटेवर पुलाचं काम चालू हाय, म्हणून वळलो." नाव विचारायचं मला सुचलं नाही.

पोचलो तेव्हा अक्काला हिरवे कपडे घातलेले. वाटभर मनात सात वर्षांची भांडणं जुळवली होती; एकही आठवेना. "अक्का, मला माफ कर."

"कशा-कशाची?" ती म्हणाली. "यादी लई लांब हाय. आधी बाहेर येऊ दे मला."

ती बाहेर आली. यादी अजून वाचतेच आहे.

लोक म्हणतात, देवाजवळ शांत मनानं जावं, स्वतःला सोपवून द्यावं. मला ते अजून जमत नाही. मी चिडते, भांडते, मग तशीच पायाशी बसते. पण एवढं कळलं आहे, की आपण शांत होण्याची वाट देवी पाहत नाही. त्या सकाळी माझ्या तोंडात शिव्या होत्या, तेव्हाच तिनं मला उचललं.