आवणीचा प्रश्न

एमबीबीएसची शेवटची परीक्षा चालू होती. मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला एक पेशंट आणि एक तास मिळे. मग परीक्षक प्रश्न विचारत. नापास झालं की सहा महिन्यांनी पुन्हा बसायचं.

माझ्या वाट्याला आंदर मावळातली एक मावशी आली. छातीला स्टेथोस्कोप लावताच हृदयाची झडप आवळल्याचा आवाज स्पष्ट आला. अशा पेशंटला श्रमानं दम लागतोच. मी पाठ केलेल्या यादीतून विचारलं, "जिना चढताना दम लागतो?"

"न्हाई."

आवाज खोटा की मावशी? मग उमगलं, हिच्या गावात जिनाच नाही. मी त्याच मावळातल्या कान्हे गावची असून हे विसरले!

"मावशी, औंदा भाताच्या आवणीला गेलतीस?"

"कुटं गं! चार मुठी रोपं लावली की छाती भरून यायची. सून म्हनली, बांधावं बसा. पर तू आमच्यातलीच दिसतीस. मगाधरनं श्येरातल्यावानी काय बोलत व्हतीस?"

तास संपल्यावर परीक्षकांनी मला विचारलं, "दम कधी लागतो?"

"चार मुठी रोपं लावल्यावर, सर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आवणी कशी करतात ते सांगा."

वाकून, चिखलात, मागं सरकत रोपं कशी लावतात, हे मी त्यांना तिथंच करून दाखवलं. मी पहिल्या प्रयत्नात पास झाले.