तिसरा नकार

माझी बायको गेल्या वर्षी गेली. चव्वेचाळीस वर्षं एका खोलीत संसार केला आम्ही, आणि तिलाही हे ठाऊक नव्हतं. मग तुम्हाला कशाला सांगतोय? खरं सांगू — मलाही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढाच त्यातला फायदा. जे मला ओळखतात त्यांच्यासमोर तोंड उघडायचं धैर्य माझ्यात कधी नव्हतं, आजही नाही.

लालबागची जुनी माणसं मला अजून 'इराणवाले मास्तर' म्हणतात. मी परळच्या एका गिरणीत विणाई खात्यात मास्तर होतो. संयुक्त महाराष्ट्राचं वारं नुकतं तापायला लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. साचे, म्हणजे कापड विणायचे माग, विकणाऱ्या एका कंपनीनं, साचे बसवून तिथल्या माणसांना शिकवायला, मला आठ महिन्यांसाठी इराणातल्या इस्फहान गावी पाठवलं. आमच्या चाळीतला माणूस तोवर लांबात लांब गेला तर देवगडला. परत आल्यावर मी एका साप्ताहिकात लांबलचक लेख लिहिला, आणि मग काय विचारता — गिरगावात व्याख्यान, दादरला व्याख्यान, गणपतीत आमच्या चाळीच्या मांडवात तर दरवर्षी.

मी रंगवून सांगायचो. तिथली रोटी हातभर लांब, तापल्या खड्यांवर भाजलेली, माणसं ती उपरण्यासारखी हातावर टाकून घरी नेतात. साखरेचा खडा दातात धरतात आणि वरून कोरा चहा पितात. थंडीत बुटक्या चौरंगाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, वर मोठी रजई पसरतात आणि अख्खं घर त्या रजईत पाय घालून गप्पा मारत बसतं. नवरोजला, म्हणजे वसंतातल्या त्यांच्या नववर्षाला, आपल्या घटासारखे थाळीत गहू रुजवतात आणि तेराव्या दिवशी ते हिरवं धान वाहत्या पाण्यात सोडून देतात. हे सगळं खरं होतं, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणूनच पुढचं खोटं इतकं छान खपलं.

लोकांना सगळ्यात आवडायची ती नकाराची रीत. इराणी माणसाला काहीही देऊ करा, तो आधी 'नको' म्हणणार. तुम्ही आग्रह करायचा. तो पुन्हा 'नको' म्हणणार. पुन्हा आग्रह. पहिले दोन नकार शिष्टाचाराचे. तिसऱ्यांदाही 'नाही' आलं, तर मात्र ते खरं धरायचं आणि पुन्हा विचारायचं नाही. 'आपल्याकडेही पाहुणा नको नको म्हणत ताट पुढे करतो, पण इराण्यांनी ते मोजून ठेवलंय' — या वाक्याला ठरलेला हशा यायचा. हशा ओसरला की मी आवाज खाली आणून शेवटचा भाग सांगायचो. यज्दकडच्या एका आईचा. तिथं बाया डोळ्यांना पदर लावायच्या.

त्या आईबद्दल बोलायचंय मला. केव्हापासून टाळतोय, पाहिलंत ना?

आमच्या गिरणीच्या दरवाजासमोर कोपऱ्यावर एक इराण्याचं हॉटेल होतं. सहा संगमरवरी टेबलं, भिंतीवर समोरासमोर आरसे. मालक शेरियारशेठ — उंच, कमी बोलणारा, पारशांसारखाच अग्नीपुढे हात जोडणारा. यज्दजवळच्या खेड्यातून तो कोवळ्या वयात मुंबईला आला होता आणि बावीस वर्षांत परत गेला नव्हता. तिकडे त्याची आई एका चुलतभावाच्या आसऱ्यानं राहत होती. मी इराणला निघालोय हे कळलं तेव्हा तो गल्ल्यावरून उठून पहिल्यांदाच माझ्यासमोर येऊन बसला.

भावाचं पत्र वर्षातून एखादं यायचं, आणि दर पत्रात तेच — आई थकली आहे, ये. "चिठ्ठी का क्या भरोसा, मास्तर?" तो म्हणाला. "पाच साल से लिखता है, आज जाएगी, कल जाएगी. तुम अपनी आँख से देख के बोलो. तुम बोलेगा तो मैं जाएगा." एवढंच काम होतं माझं. डोळ्यांनी बघायचं आणि सांगायचं.

त्यानं आईसाठी एक हिरवी लोकरी शाल दिली. माझ्या बायकोनं ती कडुलिंबाचा पाला घालून माझ्या ट्रंकेच्या तळाशी ठेवली. शेरियारनं तिकडे पत्रही धाडलं की नवरोजच्या सुट्टीत माझा मुंबईचा माणूस येतोय.

नवरोजला इस्फहानची गिरणी तेरा दिवस बंद होती. त्या दिवसांत धाकट्यांनी थोरल्यांच्या घरी जाऊन पाया पडायचं, अशी तिथली पद्धत. म्हणजे जायला याहून चांगला मुहूर्त कोणता? दुसऱ्या दिवशी मी वळकटी घेऊन मोटारतळावर उभाही राहिलो. गाडी टपापर्यंत भरलेली, धूळ नाकातोंडात, आणि पोचायला दिवस आणि वर रात्र लागेल म्हणाले. हे कारण म्हणून सांगत नाही. कोकणात मी याहून वाईट गाड्यांतून उभ्यानं गेलोय. पण इस्फहानच्या गिरणीतल्या मुकादमानं नदीकाठच्या बागेत सहकुटुंब बोलावलं होतं, भात होता, डाळिंबं होती, आणि मी वळकटी घेऊन मागं फिरलो. उद्या जाऊ, म्हटलं. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हटलं. तेराव्या दिवशी मुकादमाच्या पोरांबरोबर मीही ते हिरवं धान नदीत सोडलं. यज्द तिथून एका दिवसरात्रीवर होतं.

निघायच्या दिवशी मला लाज वाटली. कशाची, म्हणाल? आठ महिने जिनं रांधून घातलं त्या घरमालकिणीला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं, याची. मी ट्रंक उघडली आणि ती हिरवी शाल काढली. ती 'नको' म्हणाली. मी पुढे केली. ती पुन्हा 'नको' म्हणाली आणि शाल माझ्या हातात परत दिली. दोन वेळा ती शाल माझ्याकडे परत आली होती — दोन वेळा. मी तिसऱ्यांदा पुढे केली आणि तिनं ती डोळ्यांना लावून घेतली. मला फार बरं वाटलं तेव्हा. आपण दिलदार आहोत असं वाटलं.

वैशाखात घरी पोचलो. मी नव्हतो तेवढ्यात मुंबईत गोळीबार होऊन गेला होता, संचारबंदी लागून उठली होती, चाळीचाळीत त्याच गोष्टी. ट्रंक रिकामी करता करता बायकोनं विचारलं, "त्या म्हातारेक शाल पावली मा?"

"पावली," मी म्हणालो.

किती सहज आलं ते तोंडात. तिच्यासमोर कशाची भीती होती मला? तिनं फार तर दोन दिवस तोंड फुगवलं असतं. पण एकदा 'पावली' म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी हॉटेलात वेगळं कसं सांगणार? खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात — मी रेटलं. घरमालकिणीचे सुरकुतलेले हात घेतले, तिचाच चहाचा समोवार घेतला, मुकादमाच्या अंगणातलं डाळिंबाचं झाड घेतलं, आणि शेरियारला एक आई करून दिली. ती दारातच म्हणाली, तुमचं पाऊल माझ्या डोळ्यांवर. शाल खांद्यावर टाकून गोल फिरून दाखवली तिनं. मी निघालो तेव्हा माझ्या पाठीमागं वाटेवर तांब्याभर पाणी ओतलं, गेलेला माणूस सुखरूप परत यावा म्हणून. शेरियार ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"चलती है?" त्यानं विचारलं.

"चालते. झाडाला स्वतः पाणी घालते."

"मेरे को बुलाया?"

आता इथं थांबतो जरा. इथवरचं सगळं आळसात जमा धरता आलं असतं. माणूस आळशी असतो, कामचुकार असतो, होतं असं. पण या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ऐका. मी म्हणालो, "नाही. म्हणाली, घाई करू नकोस, धंदा सांभाळ." का म्हणालो? कारण ती बोलावते आहे म्हटलं असतं तर तो गेला असता. आणि तो तिकडे गेला असता, तर माझं बिंग फुटलं असतं. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून मी एका लेकाला त्याच्या आईकडे जाण्यापासून अडवलं. हा तो गुन्हा. न गेलेल्या गाडीचा नाही, दिलेल्या शालीचाही नाही.

पावसाळा संपला की बोटीनं जायचं त्याच्या मनात होतं. पण दिवस ते असे — आज बंद, उद्या हरताळ, हॉटेलाच्या फळ्या कधी लावाव्या लागतील याचा नेम नाही. हॉटेल टाकून जायला त्याचा पाय निघेना. "माँ ठीक है ना, तो अगले नवरोज को जाएगा," म्हणाला. मी मान डोलावली. आणि संध्याकाळी मोर्चात जाऊन न्याय मिळालाच पाहिजे म्हणून घसा फोडून ओरडलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

लेख छापून आला तो शेरियारनं कापून, काचेच्या चौकटीत घालून दोन आरशांच्या मध्ये लावला. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. पाळी सुटून आलेल्या कोणा कामगाराला तो चहा द्यायचा आणि म्हणायचा, पढ़ के सुनाओ. महिन्यात दोन-तीनदा तरी तो स्वतःच्या आईची गोष्ट माझ्या शब्दांत ऐकायचा. एका बंदच्या दिवशी पोरं काचा फोडायला आली, तेव्हा आमच्याच चाळीतला एक जण आडवा गेला — "ह्येच्या हाटेलाक हात लावूचो नाय. आमचो मास्तर ह्येच्या आवशीच्या हातचा जेवन इलोहा." आईचं नाव निघालं तशी पोरं गेली. या गोष्टीचा अभिमानही मी पुढे कित्येक वर्षं मिरवला. काय माणूस असतो, नाही?

फाल्गुनात, नवरोजला पंधरा-वीस दिवस राहिले असताना, पत्र आलं. पहिली पाळी संपवून मी चहाला गेलो तर शेरियार गल्ल्याशी ते पत्र घेऊन बसला होता. त्यानं मला खुणेनं बोलावलं. आवाज चढला नाही, उतरला नाही. आई थंडीत गेली, म्हणाला. मग बोट ओळीवर ठेवून एकेक शब्द हिंदीत आणत त्यानं पुढचं वाचलं.

"लिखता है, तुम्हारा मेहमान आया नहीं. माँ ने उस का बिछाना निकाल के रखा था. रोज धूप में डालती थी. आखिर तक किसी को उठाने नहीं दिया."

त्यानं पत्राची घडी घातली. उठून भिंतीवरची चौकट काढली, काच बाहीनं पुसली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"पढ़ो, मास्तर."

मी वाचलं. तुम्हाला वाटेल, अडखळलो असेन, रडलो असेन, पाय धरले असतील. नाही. मी सगळं वाचलं. ती झाडाला पाणी घालते तिथपासून, शाल पांघरून गोल फिरते ते, घाई करू नकोस म्हणते तेही — एकही ओळ गाळली नाही. आवाजसुद्धा कापला नाही. व्याख्यानांची सवय होती ना.

वाचून झाल्यावर शेरियारनं विचारलं, "और कुछ बोलने का है?"

"नाही," मी म्हणालो.

तो आत गेला, स्वतःच्या हातानं चहा करून आणला, माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं झालं असतं. समोरच्या गिरणीतून साच्यांचा खडखडाट येत होता. मग तो म्हणाला, "मास्तर, और कुछ?"

"काही नाही."

चहा तसाच टाकून मी उठलो. पायरीपर्यंत पोचलो होतो. तो दार धरून उभा राहिला आणि अगदी हळू, जवळजवळ विनवल्यासारखा म्हणाला, "कुछ भी नहीं?"

किती सोपं करून ठेवलं होतं त्यानं. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी त्याला उत्तर मिळालं असतं. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं चौकट परत आरशांच्या मध्ये लावली. हॉटेल बंद होईपर्यंत ती तिथंच होती, आणि तोवर, एकोणीस वर्षं, मी तिच्याकडे पाठ करून त्याच्याकडे चहा प्यायलो. तोही रोज 'आओ मास्तर' म्हणत राहिला. तिसऱ्या खेपेचं 'नाही' खरं धरायचं आणि पुन्हा विचारायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत — सभासभांतून मीच तर सांगत होतो. त्यानं पुन्हा विचारलं नाही.