समेवर उठलेला हात

या शहरात आल्यापासून कुठे प्रत्यक्ष गाणं चालू असलं की तिथे जाऊन बसायची मला खोडच लागली आहे. परवा संध्याकाळी एका हॉटेलात शिरलो. कोपऱ्यात पन्नाशीचा एक गायक पेटी घेऊन गझल गात होता. टेबलं भरलेली, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

तो समेवर आला आणि नेमका तेव्हाच समोरच्या टेबलावरून एक हात वर गेला. गायकाचा चेहरा उजळला. दाद समजून त्याने मान लववली आणि तीच ओळ पुन्हा घेतली, आधीपेक्षा जीव ओतून.

हात वेटरसाठी होता. "दादा, त्यांना जरा हळू गायला सांगा ना. आम्हाला बोलताच येत नाहीये."

वेटर गायकाच्या कानाशी वाकला. आवाज खाली आला.

मैफलीत समेला हात उठतो, त्यात कौतुक थोडंच असतं. 'ऐकतोय रे, म्हण तू पुढे,' एवढंच असतं. तेवढं सांगायलाही इथे कुणाचा हात रिकामा नाही. माझा तरी कुठे होता? ताटातच होता.

पुढच्या समेला मी हात उंच केला. गायकाने डोळे मिटून घेतले होते.

वेटर मात्र धावत आला. "बोला साहेब, काय आणू?"