बोलपटाचा डोळा

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पहिला बोलपट मी आणला. हे मला स्वतःलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

दत्ताच्या देवळाच्या वाटेवरची जागा तोवर एका मूकपटवाल्याची होती. पडद्यावरची बाई रडली की हा पेटी वाजवत तिच्या वतीने रडायचा. माझा तंबू बोलेल, एवढ्या शब्दावर पंचांनी जागा मला दिली. नाही बोलला तर त्याच रात्री खुंट्या उपटायच्या, असंही ठरलं.

यंत्र मी सुरतेच्या व्यापाऱ्याकडून घासाघीस करून घेतलं. अडलं ते एका काचेच्या बल्बवर. तो म्हणाला, "हा यंत्राचा डोळा. फिल्मच्या कडेला आवाजाच्या रेघा असतात. बारक्या दिव्याचा उजेड त्यांतून या डोळ्यावर पडतो. आत धातूचा मुलामा आहे. उजेड पडला की धातूतले इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांची वीज होते, विजेचा आवाज." आणि दिव्यापुढे बोट हलवून त्याने कर्णा धप धप वाजवून दाखवला.

मी विचारलं, "महाग मुलामा कशाला? साधं लोखंड घाला, उजेड वाढवा."

"नाही सुटत, शेठ. ज्या रंगाच्या उजेडात तेवढा जोर नाही, तो कितीही ओता, लोखंड ढिम्म."

हे मला लगेच पटलं. आमच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून घोड्याचा भाव होतो. कमी भावाची शंभर गिऱ्हाइकं आली तरी मालक दोरी सोडत नाही; पुरा भाव देणारा एकटा येतो आणि घोडा घेऊन जातो. धातूही तसाच हट्टी निघाला. मला असा माल आवडतो.

पहिल्या खेळाला तंबू गच्च भरला. पडद्यावर राजा आला, ओठ हलवले, हात उगारला. आवाज नाही. मूकपटवाला मुद्दाम पुढे बसला होता.

"काय दादा, तुन्हा पडदानी मौन धरं का? मन्ही पेटी धाडू?"

लोक हसले. मी सुरतवाल्याच्या बेचाळीस पिढ्या काढल्या, पण काढता काढता दिव्यापुढे बोट हलवलं. कर्णा गप्प. म्हणजे डोळ्यापर्यंत उजेडच पोचत नव्हता. भाव पुरा होता, गिऱ्हाईक दारात अडलं होतं. झाकण उघडलं तर डोळ्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाचा जाड थर, वर दोन अक्षता.

धोतराच्या सोग्याने पुसला. कर्ण्यातून राजा एकदम असा गरजला की बाहेरची घोडी खिंकाळली.

"हे कोणी केलं?" मी ओरडलो.

फुई, म्हणजे मला वाढवणारी माझी आत्या, यंत्रामागेच ताट घेऊन बसली होती. "मी करं. नवं घोडं बिनकुकूनं कोनी उभं करस का?"

"अगं, पण डोळ्यावर?"

"घोडाले दोन डोयासना मझार लावतस. याले एकच डोया, मी कथा लावू?"

घोड्याच्या दोन डोळ्यांमध्ये लावतात; एकाच डोळ्याला मध्य कुठला, असा तिचा हिशेब. पण तंबूत तोवर बातमी फिरली होती: फुईने पूजा केली, दत्ताने यंत्र बोलतं केलं. पंचांनी जागा माझीच राहील असं सांगितलं आणि हात जोडले ते फुईला. मूकपटवाला तर तिच्या पाया पडला. सुरत, धातू, इलेक्ट्रॉन, धोतराचा सोगा यांचं नाव कोणी घेतलं नाही. मी ते कितीदा समजावलं, लोक म्हणतात, "हाव, पन दत्तानी किरपा."

पुढच्या वर्षी फुई ताट घेऊन हजर. मी म्हटलं, कुंकू झाकणाला. ती म्हणाली, मग नारळ वीज करणाऱ्या इंजिनापुढे. मी कबूल. ती म्हणाली, आणि खेळाआधी तू स्वतः गिऱ्हाईक बोलवायच्या भोंग्यातून सांगायचं की पूजा झाली आहे.

घासाघिशीत सुरतवाल्यालाही मी एवढं सोडलं नव्हतं. भोंगा हातात घेतला आणि सांगितलं.